दोन्ही हातांवर साखर

मेहकरच्या कापडपेठेत तिला चोर म्हणणारी माणसं अजून आहेत. परवा एका लग्नात पंगतीला माझ्या शेजारी बसलेले एक गृहस्थ बुंदी चिवडता चिवडता म्हणाले, "थे पहाऱ्याची बाई? थे तं सोताच चोरटी निंगाली ना!" मी भरल्या ताटावरून उठलो. यजमान हात जोडत मागे आले, बायको रागावली, पण मी परत बसलो नाही. म्हातारपणी माणसाला हट्ट करायची थोडी मुभा मिळते. ती मुभा मी अशा कामाला वापरतो.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, दुसरी मोठी लढाई सुरू व्हायला चार-पाच वर्षं होती आणि मी पेठेतल्या एका कापडाच्या दुकानात गुमास्ता होतो. म्हणजे गादीवर मांडी घालून बसायचं, ठाणं उलगडायची, गजानं मापायची, पुन्हा घड्या घालायच्या आणि गिऱ्हाईक काही न घेता उठलं तरी हसायचं. लग्न झालेलं होतं, घरी दोन लेकरं होती. बाजाराच्या दिवशी लोणारकडून, साखरखेर्ड्याकडून बैलगाड्या भरून बायका यायच्या. एका वेळी पंधरा-वीस बायका गादीवर, त्यांची लेकरं मांडीवर आणि समोर लुगड्यांचा ढीग. त्या गर्दीत खण जायचे. चोळीचा तुकडा तो, घडी केली की तळहाताएवढा होतो. पदराखाली, काखेत, लेकराच्या टोपड्यात, कुठंही मावतो. खण गेलेला सेठना कळायचा, कोणी नेला तेही कधी कधी दिसायचं, पण परक्या बाईच्या पदराला हात कोण लावणार? उद्या तिच्या गावची माणसं काठ्या घेऊन आली तर? म्हणून सेठनी बाई ठेवली.

बाई तेव्हा पंचेचाळिशीची असेल. उंच, काटक, आणि कपाळावर भलं मोठं कुंकू. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं तिला विशीतच घराबाहेर काढलं होतं आणि जालन्याकडे दुसरा संसार मांडला होता. पेठेतल्या एका शहाण्यानं तिला एकदा विचारलं, की नवऱ्यानं टाकलं, मग एवढं कुंकू कोणासाठी लावता? बाई म्हणाली, "कपाय माह्यं, कुंकू माह्यं. त्याचं काय हाये याच्यात?" त्या शहाण्यानं पुढं कित्येक दिवस आमच्या दुकानावरून जाताना रस्त्याची दुसरी बाजू धरली.

ती गादीवर कधी बसली नाही. खांबाला टेकून एक लाकडी खोकं ठेवलेलं असायचं, त्यावर बसायची आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत वाती वळायची. हात वातींत, डोळे गादीवर. बोलायची मात्र खणखणीत. आमच्याकडे ‘बे’ म्हणणं पुरुषांनी पुरुषांशी बोलतानाचं. ही बाई आम्हा सगळ्या गुमास्त्यांना बिनदिक्कत बे म्हणायची. मला ती बापू म्हणे आणि फार वैतागली की ‘काऊन बे बापू’. सेठना ती सेठजी म्हणायची, पण आवाज तोच.

पहिल्याच आठवड्यात तिनं आम्हाला दम भरला. "तुमी ठानाकडे पाहा. बाईकडे पाह्याचं काम माह्यं हाये. कोनी गिऱ्हाईक बाईकडे टकमका पाह्यलं तं म्या सेठजीले नाही सांगणार, तिच्याच भावाले सांगीन." तेव्हापासून आम्ही लुगड्याच्या काठांवरून नजर वर उचलायला बिचकू लागलो. एका बाईसमोर एका वेळी तीनच नग ठेवायचे, चौथा मागितला तर आधी एक घडी करून मागे ठेवायचा, हाही तिचाच नियम. सेठ म्हणाले, गिऱ्हाईक खोळंबेल. बाई म्हणाली, खोळंबलेलं गिऱ्हाईक गप्पा मारतं, आणि गप्पा मारणारी बाई चोरी करत नाही. हे कितपत खरं होतं मला माहीत नाही, पण गादीवर गप्पा वाढल्या आणि खण जायचे कमी झाले हे मी डोळ्यांनी पाहिलं.

तिची खरी युक्ती साखरेची होती. दुकानातून निघणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातावर, तिनं काही घेतलेलं असो वा नसो, बाई चिमूटभर साखर ठेवायची. उंबरठ्याशी साखरेची वाटी घेऊन उभी राहायची. कोणी एक हात पुढं केला की म्हणायची, "एका हातानं घेत नसतात माय. देवीचा परसाद हाये. दोन्ही हात समोर कर." आता दोन्ही हातांची ओंजळ करायची तर कोपरं अंगापासून सुटतात. जिच्या काखेत खण आहे तिला ते जमत नाही. ती चुळबुळते, एकच हात पुढं करते, कोपर बरगडीला घट्ट दाबून धरते. बाईला तेवढं पुरायचं. "चोराच्या डोयात पाह्यून काही समजत नाही बे," ती मला सांगायची, "डोये सगयेच चोरतात. कोपराकडे पाह्यत जाय."

पुढचं तिचं काम मला फार आवडायचं. ती ओरडायची नाही. "माय, तुह्या पदराची गाठ सुटली वो, आत ये, बांधून देते," असं म्हणून त्या बाईला मालाच्या खोलीत न्यायची. दोन मिनिटांनी दोघी बाहेर यायच्या. मग ती बाई दोन्ही हातांवर साखर घेऊन, पायऱ्या उतरून निघून जायची. खण बाईच्या ओच्यातून गादीवर परत यायचा. सेठ विचारायचे, "कोण होती?" बाई म्हणायची, "कोनी नोती. खण खाली पडला होता." सेठनी नावासाठी किती डोकं आपटलं असेल! त्यांना यादी हवी होती, पेठेतल्या सगळ्या दुकानदारांना द्यायला. बाईनं एक नाव दिलं नाही. एकदा एका पाटलाच्या घरच्या बाईच्या मांडीवरचं झोपलेलं लेकरू तिनं "घामेजलं वो, आना, वारा घालते" म्हणून आत नेलं आणि दुपट्यातले तीन खण काढून घेऊन लेकरू परत आणून दिलं. पाटलीणबाई लाल झाल्या, मग हसल्या, आणि पुढं वर्षानुवर्षं त्यांच्या घरचं लग्नाचं कापड आमच्याच दुकानातून गेलं. सेठना त्यामागचं कारण शेवटपर्यंत कळलं नाही.

सेठही स्वस्थ बसणारे नव्हते. खामगावहून त्यांनी एक मोठा आरसा आणवला आणि गल्ल्यावर बसल्या बसल्या सगळी गादी दिसेल असा तिरका टांगला. पहिल्याच बाजाराला निम्म्या बायका खरेदी सोडून आरशापुढं कुंकू नीट करायला उठल्या, आणि त्या गर्दीत दोन खण गेले. बाईनं आरसा भिंतीकडे तोंड करून लावला. मग सेठनी ‘चोरांपासून सावध’ अशी पाटी रंगवायला टाकली. बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. रंगाऱ्याला द्यायच्या कागदावर काय आहे ते तिनं माझ्याकडून वाचून घेतलं आणि भर गादीवर म्हणाली, "सेठजी, बाया वर्साचे चार खण नेतात. तुमी गजागजाले बोट बोट नेता. लिहाचंच असंन तं सगयायचीच नावं लिहा." गज मापताना बोटभर कापड चोरायचं काम सेठच्या सांगण्यावरून मीच करायचो. पाटी रंगाऱ्याकडंच राहिली, आणि बाईसमोर माप घेताना माझी बोटं आपोआप सरळ राहायला लागली.

पेठेच्या तोंडाशी एक दगडी ओटा होता. समोरच्या दुकानदारानं पकडलेल्या चोराला तिथं उभं करायची पद्धत पाडली होती. चोरलेलं कापड डोक्यावर ठेवायचं आणि संध्याकाळपर्यंत उन्हात उभं राहायचं. पुरुषांना उभं करायचे तोवर कोणी बोललं नाही. एका बाजाराला त्यांनी एका म्हाताऱ्या बाईला उभं केलं. डोक्यावर लुगडं, भोवती रिकामटेकडे लोक, कोणी शीळ घालतंय. आमच्या बाईनं वाती खाली ठेवल्या, आमच्या गादीवरचं एक लुगडं उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवलं आणि जाऊन त्या म्हातारीच्या शेजारी उभी राहिली. "एकलीच काऊन उभी राह्यते वो माय? मी हाये ना."

समोरचा दुकानदार धावत आला. "बाई, तुम्ही काय चोरलं?"

"आजून काही नाही," बाई म्हणाली, "पन तुमच्या दुकानात चोरी कराचं मन होऊन राह्यलं."

लोक हसले, आणि आता ते दुकानदाराला हसत होते. अर्ध्या तासात त्यानं म्हातारीला जायला सांगितलं. आमचे सेठ संतापले. "मी तुम्हाला चोर धरायला ठेवलं आहे, त्यांच्या बाजूला उभं राहायला नाही!" बाई लुगड्याची घडी घालत म्हणाली, "धरल्यावर काय कराचं, थे तुमी सांगतलंच नोतं."

अशी बाई चोर ठरली, ती कशी, ते आता सांगतो.

आमच्या दुकानात एक कडक शिस्त होती. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे बोहनी, सेठच्याच हातची व्हायची. ते नऊला येणार, देवीच्या तसबिरीपुढं दिवा लावणार आणि मगच दुकानातलं पहिलं कापड गिऱ्हाइकाच्या हाती जाणार. त्याआधी नोकरानं काही विकलं तर वर्षाची बरकत गेली, अशी त्यांची पक्की समजूत. माझ्या आधीच्या गुमास्त्यानं ओळखीच्या माणसाला सकाळी एक धोतरजोडी दिली, तर त्याला त्याच दिवशी घरी बसवलं होतं. पेठेत कोणीही त्याला पुन्हा ठेवून घेतलं नाही.

नवरात्राच्या आधीचा बाजार होता. मी सकाळी दुकान झाडून घेत होतो तेव्हा बाई आली आणि म्हणाली, "बापू, एक हिरवा खण दे." मी म्हणालो, सेठ येऊ द्या. ती म्हणाली, "सेठजी आले का बाया येतीन. मंग मले घेता येत नाही. पैसे घे, गल्ल्यात टाक." आदल्या संध्याकाळी सेठनी नवा गठ्ठा फोडून समोर मोजून ठेवला होता, त्यात बारा हिरवे होते. मी मागं-पुढं पाहून त्यातला एक तिला दिला, पैसे गल्ल्यात टाकले आणि दिवसभर कोणाला काही बोललो नाही. तिला खण कशाला हवा हे मी विचारलं नाही. ते मला दुपारी समजलं.

दुपारी बाजारात वांगी-मिरच्या विकून एक सासू आणि तिची सून दुकानात आल्या. सून विशीतली, निमूट, चेहरा उतरलेला. तिची दोन बाळंतपणं अर्ध्यावरच फिसकटली होती. आई नव्हती. सासू गादीवर बसल्या बसल्या शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणत होती, "अवंदा नाही झालं तं लेकाले दुसरी करून देते." बाईनं सुनेकडं पाहिलं आणि म्हणाली, "पोरगी वाळली वो उन्हानं. ये, पानी पाजते." आणि तिला मालाच्या खोलीत नेलं.

आता लपवण्यात अर्थ नाही. मी दोन लेकरांचा बाप होतो, माझ्या बायकोलाही हे सोपस्कार झाले होते. बाईला तिसरा महिना लागला की तिची आई किंवा कोणी जवळची बाई तिच्या ओटीत गुपचूप हिरवा खण घालते. चोरचोळी म्हणतात तिला. त्या दोघींखेरीज कोणाला कळू द्यायची नाही, दृष्ट लागते, पोट टिकत नाही असं मानतात. त्या पोरीला आई नव्हती, आणि सासूला कळून हेही फिसकटलं असतं तर ती घराबाहेर होती. मागच्या बाजाराला तिनं बाईला पोटातली गोष्ट सांगितली होती. बाईनं तिची आई व्हायचं ठरवलं होतं, एवढीच गोष्ट. खोलीतून पोरगी बाहेर आली तेव्हा तिचा डावा हात पदराखाली पोटाशी होता आणि तोंडावर थोडी टवटवी आली होती.

सासूची खरेदी झाली. दोघी उंबरठ्याशी आल्या. सासूनं ओंजळ करून साखर घेतली. पोरीनं एकच हात पुढं केला. आणि बाईनं, जिनं पाटलाच्या बाईलाही कधी सोडलं नव्हतं, तिच्या त्या एका हातावर मुकाट्यानं साखर ठेवली.

सेठ गल्ल्यावरून पाहत होते. इतक्या वर्षांत तेही कोपराकडे पाहायला शिकले होते. "थांबा," ते म्हणाले. उठून हिरवे खण मोजले. अकरा. "बाई, एका हातावर साखर?"

"लेकरू हाये. दमली हाये."

"काल मी बारा मोजले होते, आज हिरवा एकही खपलेला नाही. तिला आत न्या आणि पाहा."

"पाह्यलं. काही नाही तिच्यापाशी."

"मग इथंच पदर झटकू द्या."

सासूनं पोरीचा दंड धरला. "काय घेतलं वो? काढ बाहेर! नाक कापलं माह्यं!" पोरीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण डावा हात तिनं सोडला नाही. बाई तिच्या आणि सासूच्या मध्ये जाऊन उभी राहिली. "सेठजी, या दुकानात आजपावतर कोन्या बाईचा पदर झटकला नाही. आजबी नाही. म्या सांगून राह्यली ना, पोरगी चोर नाही."

"मग खण गेला कुठं?"

आता सगळं एका वाक्यावर होतं. ‘तो हिरवा मी सकाळी विकला, पैसे गल्ल्यात आहेत.’ कोणाला विकला ते सांगायची गरज नव्हती. बारा होते, एक विकला, अकरा राहिले, चोर कोणीच नाही. पोरगी पदर न उलगडता घरी गेली असती. हे वाक्य दुकानात फक्त मी बोलू शकत होतो, आणि बोललो असतो तर बोहनीआधी विकल्याबद्दल माझी नोकरी गेली असती. बाईनं माझ्याकडं पाहिलं. चांगले दोन श्वास होतील इतका वेळ पाहिलं, आणि मग डोळे मिटून घेतले. मी ते असं समजलो, की ती म्हणते आहे, तू गप्प राहा, मी पाहून घेते. मी मान खाली घातली आणि हातातल्या लुगड्याची घडी घालू लागलो.

"खण म्या घेतला," बाई म्हणाली.

सेठना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. "काय?"

"म्या चोरला. सकाऊन. नेऊन इकूनबी टाकला. आता चोर सापडला ना? त्या पोरीचा रस्ता सोडा."

सासूचा हात सैल पडला. पोरीनं बाईकडं असं पाहिलं, की मला आजही ते पाहणं सहन होत नाही. ती काहीतरी बोलायला गेली, तर बाई तिच्यावरच खेकसली, "जाय वो घरी, उन्ह वाढून राह्यलं!" दोघी पायऱ्या उतरून गेल्या. मग बाईनं साखरेची वाटी खोक्यावर ठेवली, आपल्या वाती ओच्यात घेतल्या आणि भर बाजारात, भर दुपारी, पेठेच्या मधोमध चालत निघून गेली. मान ताठ. आजूबाजूच्या दुकानांतून लोक उठून पाहत होते. समोरचा दुकानदार तर टाळ्याच वाजवायच्या बेतात होता.

संध्याकाळी पेठेतल्या दुकानदारांची बैठक झाली. बाईला दगडी ओट्यावर उभं करायचं ठरलं, पण तिला बोलवायला जायचं कोणी, इथं गाडी अडली ती अडलीच. शेवटी पेठेतल्या कोणी तिला माल द्यायचा नाही, कोणी कामाला ठेवायचं नाही, एवढं ठरवून मंडळी उठली. त्यांना वाटलं, बाई गाव सोडेल. बाई शेगावला गेली. तिथल्या एका व्यापाऱ्याकडून खणांचा गठ्ठा घेतला, मोटारीच्या टपावर टाकून आणला आणि पुढच्याच बाजाराला पेठेच्या तोंडाशी, गोणपाट अंथरून, उन्हात दुकान मांडून बसली. फौजदारानं हटकलं, की चोर बाईनं इथं बसायचं नाही. ती म्हणाली, "साहेब, चोर तं दुकानात बसते. म्या तं जमिनीवर बसली." फौजदार हसू दाबत पुढं गेला. बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. पहिल्या दिवशी दोन-चार, मग इतक्या, की आमच्या गादीवर माशा बसू लागल्या. चोर बाईकडून खण घेताना त्यांना कसलाच विटाळ वाटला नाही. बाजार तिला चोर म्हणायचा आणि तिच्याकडंच खरेदी करायचा.

मी रोज तिच्या गोणपाटावरून जायचो. ती "काऊन बे बापू, जेवला का?" म्हणून हाक मारायची. मी "हाव" म्हणायचो आणि पुढं सटकायचो. घरी बायकोला मी सांगितलं होतं, की बाईनं मला डोळ्यांनी गप्प केलं. स्वतःलाही तेच सांगत होतो. दिवसातून किती वेळा, ते मलाच ठाऊक.

पुढच्या दसऱ्याच्या आधी ती पोरगी दुकानात आली. कडेवर सहा महिन्यांची गुटगुटीत मुलगी, मागं सासू. गादीवर बसली नाही. सेठच्या समोर उभी राहिली आणि सगळ्या बायांना ऐकू जाईल असं बोलली, "सेठजी, त्या दिवशी हिरवा खण माह्याच ओटीत होता. बाईनं घातला होता. आई होऊन घातला होता. चोरी कोनं केली नाही." मग सासूकडं वळून म्हणाली, "आता तुमाले जे कराचं थे करा." सासू काही करणार नव्हती, तिनं नातीला आपल्या कडेवर घेतलं. पोरीचा आवाज कापत होता, पण तिनं एकही शब्द गिळला नाही. ती विशीतली, अंगठा उठवणारी बाई होती. मी चार बुकं शिकलेला.

सेठ वाईट माणूस नव्हते. ते मला म्हणाले, "जा, बाईला बोलावून आण. सगळ्यांसमोर माफी मागतो म्हणावं. उद्यापासून गादीवर बसायला ये म्हणावं."

मी गेलो. बाईसमोर दोन बायका खण पाहत होत्या. मी निरोप सांगितला. पोरगी सगळ्यांपुढं बोलली हे ऐकून आधी ती खूश झाली, मग चिडली, "तिले कोनं सांगतलं होतं बोलाले? लेकराले दृष्ट लागन ना!" आणि सेठबद्दल म्हणाली, "मागू दे माफी. ऐकाले म्या येत नाही. अथी रस्त्यावर उन्ह लागते, पन कोनाच्या कोपराकडे पाहा लागत नाही."

निरोप झाला होता. मी उठायला हवं होतं. पण वर्षभर जे घशाशी होतं ते त्या दिवशी बाहेर आलं. मी म्हणालो, "बाई, मी त्या दिवशी बोललो असतो. तुम्ही डोळ्यांनी गप्प राहा म्हणालात, म्हणून राहिलो."

बाईच्या हातातली घडी थांबली.

"म्या? म्या तुले गप्प राह्य म्हन्लं?"

"तुम्ही माझ्याकडं पाहून डोळे मिटले."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. "बापू," ती म्हणाली, "म्या तुह्या तोंडाकडे पाहून वाट पाहून राह्यली होती. आता बोलशीन, मंग बोलशीन. तू मान खाली घातली. मंग म्या डोये मिटले, अन् म्हन्लं, जाऊ दे. याले दोन लेकरं हायेत."

समोरच्या बाईनं विचारलं, हा केवढ्याला? बाई तिच्याकडं वळली आणि खण उलगडून दाखवू लागली.

मी दुकानात परत आलो. वहाणा काढल्या, गादीवर बसलो. सेठनी विचारलं, "काय म्हणाली?"

मी म्हणालो, "येत नाही म्हणाली." बाकीचं मी कोणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आज सांगतो आहे.